टिचबटणांचा काउबॉय

आमच्या दुकानात पहिल्यांदा काउबॉय शिरला तेव्हा मी डबा खात होते. पोळीभाजीचा घास हातातच राहिला. डोक्यावर रुंद काठाची टोपी, गळ्याभोवती लाल रुमाल, पायांत उंच टाचांचे नक्षीदार बूट, आणि जीनच्या विजारीवरून पुढे बांधलेल्या चामड्याच्या दोन लांब झापडी. वय सत्तरीच्या बरंच पुढे गेलेलं. बाहेर रेगेन्सबर्गची फरसबंद गल्ली, समोर पावाचं दुकान, आणि आत हा अवतार. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली आणि हळूच विचारलं, "बुटाचं तिकीट आहे का?" कोणत्या देशाचं हवं, असं मी विचारलं. म्हणाले, "कोणत्याही. टाच दिसली पाहिजे."

हे हेर ब्रुनर, म्हणजे जर्मन रीतीने श्रीयुत ब्रुनर. मोटारींच्या कारखान्यात गिअरबॉक्स जोडून निवृत्त झालेले, शनिवार-रविवार वेस्टर्न क्लबात घोड्यावर बसणारे आणि उरलेले दिवस पोस्टाच्या तिकिटांत घालवणारे. दुकानातल्या इतक्या वर्षांबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं की क्रमाने लिहावं, पण लेखणी सारखी यांच्याकडेच धावते. धावू दे. त्यांच्या वाट्याला माझ्या सासूबाई आल्या, त्याचीच ही हकिगत आहे.

मी पोस्टाच्या तिकिटांच्या दुकानात काम करते म्हटलं की पुण्यातले नातेवाईक विचारतात, आता पत्रं कोण पाठवतं? फारसं कोणी नाही, म्हणून तर दुकान चालतं. माणसं जे वापरायचं सोडतात ते जमवायला घेतात. माझा नवरा प्रसाद इथल्या मोटारींच्या कारखान्यात लागला म्हणून आम्ही आलो. पुण्याला मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. इथे भाषा अडली, घर अंगावर येऊ लागलं, आणि एक दिवस या दुकानाच्या काचेवर पाटी दिसली, की व्यवस्थित माणूस पाहिजे. मालकीणबाई फ्राऊ लिंडनर. त्यांनी मुलाखतीत एकही प्रश्न विचारला नाही. टेबलावर एक तिकीट ठेवलं, शेजारी चिमटा ठेवला, आणि माझ्याकडे बघत बसल्या. मी चिमटा उचलला. त्या म्हणाल्या, सोमवारपासून या.

आमच्या धंद्याची सगळी नीतिमत्ता त्या चिमट्यात आहे. बोटाला घाम असतो, तेल असतं, आणि माझ्या बोटांना तर हळदही असते. तिकिटाला माणसाचा हात लागू द्यायचा नाही. घरी मी आता कढीपत्तासुद्धा चिमट्याने उचलते असं प्रसाद म्हणतो, त्यात फार अतिशयोक्ती नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक बाई फक्त डावीकडे तोंड असलेल्या सायकलींची तिकिटं घेतात. उजवीकडच्या सायकलीबद्दल विचारलं तर चेहरा असा करतात, जणू मी काही अभद्र बोलले. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना तिकिटाशी देणंघेणंच नाही, त्यांना शिक्का हवा, तोही जितका काळाकुट्ट तितका चांगला. आणि एक आजी दर वसंतात नवऱ्याचे आल्बम विकायला आणतात. आम्ही कॉफी करतो, त्या पानं उलटत कोणतं तिकीट कुठे मिळालं ते सांगतात, आणि संध्याकाळी आल्बम परत घेऊन जातात. फ्राऊ लिंडनर त्यांना दार उघडून देतात आणि पुढच्या वर्षी या म्हणतात. या आजींचं मला हसू यायचं. अलीकडे येत नाही.

हेर ब्रुनर जमवायचे काउबॉयचे कपडे. तिकिटांवरचे, अर्थात. त्यांच्याकडून मला कळलं की टाच उंच असते ती ऐटीसाठी नव्हे, पाय रिकिबीतून पुढे घसरू नये म्हणून. चामड्याच्या झापडी काटेरी झुडपांसाठी. रुमाल धुळीसाठी. मोठी टोपी मेक्सिकोतल्या गुराख्यांकडून आली, अमेरिकेच्या काउबॉयने तिकडूनच अर्ध्याहून अधिक पोशाख उचलला. आणि ते भलंमोठं बक्कल तर मुळात गुराख्याचं नव्हेच, त्याच्या विजारीला गॅलस, म्हणजे खांद्यांवरून जाणारे पट्टे, असायचे. बक्कल सिनेमावाल्यांनी मोठं केलं, असं सांगताना हेर ब्रुनर आवाज खाली आणत, कारण क्लबातले सगळे बक्कलवाले होते.

तिकीटवाल्यांच्या मंडळात त्यांच्या टोपीला हसत. वेस्टर्न क्लबात त्यांच्या चिमट्याला हसत. धड इकडे नाही, धड तिकडे नाही, अशी त्यांची अवस्था. दोन्हीकडच्यांनी एकदा तरी आपल्याला गंभीरपणे घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी त्यांना प्रदर्शनात पदक हवं होतं.

तिकिटांच्या प्रदर्शनात काचेच्या चौकटींत पानं लावतात. तिकिटं, लिफाफे, शिक्के मांडून एक गोष्ट सांगायची, आणि परीक्षक ती वाचून गुण देतात. हेर ब्रुनरांच्या गोष्टीचं नाव होतं 'घोड्यावर बसायचं तर काय घालावं'. दोनदा त्यांनी ती मांडली आणि दोनदा पडले. दोन्ही वेळा एकाच परीक्षकांचा एकच शेरा होता, की चित्रं सुंदर आहेत, टपाल कुठे आहे? म्हणजे असं, की कोरी तिकिटं कोणीही विकत घेऊन चिकटवील. परीक्षकाला हवं असतं गरजेपोटी गेलेलं टपाल. इकडे त्याला 'बेडार्फ' म्हणतात, म्हणजे गरज. कोणाला तरी कोणाला तरी काही पाठवायचं होतं, म्हणून तिकीट लावलं गेलं, असं. हौसेने मुद्दाम लिहवून घेतलेलं पत्र म्हणजे त्यांच्या लेखी स्वतःलाच पाठवलेली लग्नपत्रिका.

दुसऱ्यांदा पडल्यावर हेर ब्रुनर दुकानात आले. टोपी घातलेली नव्हती. माझ्या आडनावातल्या 'ज'चा त्यांच्या तोंडी 'य' होतो. म्हणाले, "फ्राऊ यगताप, आता कोलोनचं प्रदर्शन शेवटचं. तिथेही नाही झालं, तर तुम्ही ते मोडायचं."

मोडणं हा आमचा रोजचा शब्द आहे. आलेला संग्रह सुटा करायचा. बूट बुटांच्या डब्यात, घोडे घोड्यांच्या डब्यात, मेक्सिको मेक्सिकोत. मी शेकडो संग्रह मोडले असतील, डोळ्यांत पाणी न आणता. पण हा माझ्या हातून मोडला जाणार या विचाराने त्या दिवशी मला डबा गेला नाही.

आणि तेवढ्यात अमेरिकेच्या टपाल खात्याला सुबुद्धी झाली. काउबॉयच्या पोशाखावर चार तिकिटं निघाली. टोपी, बूट, बक्कल आणि शर्ट. माणूस नाही, घोडा नाही, नुसते कपडे, ठसठशीत आणि नक्षीदार. हेर ब्रुनरांना आभाळ ठेंगणं झालं. वायोमिंगमध्ये त्यांचा डेल नावाचा मित्र आहे. तरुणपणी तो अमेरिकन सैनिक म्हणून बव्हेरियात होता, तेव्हापासूनची दोस्ती, आणि आता तो खरीखुरी गुरं राखतो. डेलने पत्र लिहिलं, आपले वडील गुरांमागे जाताना काय घालायचे त्याबद्दल. लिफाफ्यावर चारही तिकिटं लावली आणि पोस्टातल्या बाईंकडून हाताने शिक्का मारून घेतला. पत्र हेर ब्रुनरांनी घरी ठेवलं आणि लिफाफा माझ्याकडे आणून दिला, पानावर बसवायला. असली कामं मी घरी जेवणाच्या टेबलावर करते. दुकानात जागा कुठे आहे?

त्याच उन्हाळ्यात साताऱ्याहून सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या.

आईंनी साताऱ्यात आयुष्यभर शिवणक्लास चालवला. अर्ध्या गावाच्या बायकांना ब्लाउजचा गळा कापायला त्यांनी शिकवलं. अशा बाईला रेगेन्सबर्गच्या तिसऱ्या मजल्यावर आणून बसवलं, तर काय होणार? रविवारी मिक्सर लावायचा नाही, दुपारी भिंतीला खिळा ठोकायचा नाही, जिन्यात मोठ्याने बोलायचं नाही. "अगं स्मिता, इथे माणसं राहतात की नुसते पडदे?" असं त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात विचारलं. पडद्यांच्या शिवणीही त्यांना पसंत नव्हत्या.

मग मी त्यांना काम दिलं. आमच्याकडे लिफाफ्यांचे कापलेले तुकडे तिकिटांसकट किलोवर येतात, कधीकधी अख्खे लिफाफेही. ते कोमट पाण्यात टाकायचे. थोड्या वेळाने तिकीट आपोआप कागद सोडतं. ओढायचं नाही. चिमट्याने उचलून वर्तमानपत्रावर पालथं घालायचं आणि वाळलं की जाड पुस्तकांखाली दाबायचं. आई पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, हे तर डाळिंब्या सोलण्यासारखं आहे. त्या दिवसापासून परात त्यांची झाली. मी एकच ताकीद दिली होती, की लाल लिफाफे वेगळे भिजवायचे, त्यांचा रंग जातो. त्यावर त्या हसल्या. रंग जाणारं कापड इतरांत भिजवणाऱ्या मुलीला आपण क्लासातून घरी पाठवायचो, असं म्हणाल्या.

एका शुक्रवारी दुकानात फोन आला. "स्मिता, ते टेबलावर प्लॅस्टिकमध्ये ठेवलेलं तुझं भिजवायचं राहून गेलं होतं ना, तेही टाकलं हो मी. पण त्यातली चार काही केल्या साल सोडत नाहीत. मिरीभर सोडा टाकू का?"

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. फ्राऊ लिंडनरांनी माझा चेहरा पाहून दार उघडून धरलं, एवढं आठवतं. घरी पोचले तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर परात, परातीत गुलाबी पाणी, तळाशी कोणाच्या तरी वाढदिवसाचा लालभडक लिफाफा, आणि वर डेलचा लिफाफा तरंगत होता, रोझ सिरपमध्ये बुडवून काढल्यासारखा. कुठल्याही घरात सासूबाई जे करतात तेच आईंनी केलं होतं. सुनेचं अर्धवट पडलेलं काम त्यांना बघवलं नाही. घाईत तो लाल लिफाफाही त्यांच्याच हातून आत गेला होता.

आईंना किंमत ठाऊक नव्हती, काय घडलं हेही मी अजून सांगितलं नव्हतं. पण पाण्याकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "रंग गेला." आणि स्टुलावर बसल्या. क्लासात मुलींना ज्या आवाजात सांगायच्या त्याच आवाजात त्या स्वतःला सांगत होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

मी लिफाफा उचलून पाहिला. चारही तिकिटं जागच्या जागी. हल्लीची अमेरिकन तिकिटं आपलीआपण चिकटणारी असतात आणि त्यांतली बरीच पाण्याला दादच देत नाहीत. जगभरचे संग्राहक त्यापायी शिव्या घालतात, संत्र्याच्या तेलाचे फवारे मारतात. त्या दिवशी मी त्या डिंकाला मनोमन नमस्कार केला. पत्ता साध्या बॉलपेनने लिहिलेला, तोही शाबूत. शिक्का फिका, पण वाचता येत होता. बाकी लिफाफा गुलाबी, तो गुलाबीच. आईंनी दोन मलमलीच्या तुकड्यांत घालून त्यावर अलगद इस्त्री फिरवली. सपाट इतका केला की नवा वाटावा. गुलाबी आणि नवा.

फ्राऊ लिंडनरांनी तो भिंगाखाली बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या की बुडालेल्या जहाजांतली, पडलेल्या विमानांतली भिजलेली-होरपळलेली पत्रं लोक जपून ठेवतात, त्याला आपत्तीतलं टपाल म्हणतात. "तुमच्या सासूबाई त्या वर्गात बसतात की नाही, ते मात्र मला पाहावं लागेल."

हेर ब्रुनरांना फोन करायचं मी ठरवत होते. आईंनी तो बेत मोडून काढला. चूक आपली, तेव्हा बोलणी आपण समोर जाऊन खायची, असं त्यांचं म्हणणं.

शनिवारी वेस्टर्न क्लबाचा तळ पडला होता, गावाबाहेर डॅन्यूबकाठच्या कुरणावर. कारखान्यातले फोरमन, बँकेतले कारकून, एक दातांचे डॉक्टर, सगळे टोप्या घालून तंबूंसमोर बसलेले. बायका झालरींच्या झग्यांत. शेकोटीवर राजमा शिजत होता. त्यात आई नारायणपेठी साडी आणि स्पोर्ट शूज घालून शिरल्या, तेव्हा कोणाला काही वेगळं वाटलंसुद्धा नाही. एका शेरीफने टोपी उचलून त्यांना वाट दिली.

हेर ब्रुनर राजमा ढवळत होते. आईंनी पर्समधून लिफाफा काढला, चिमट्यात धरून. बोट लावलं नाही. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं पत्र माझ्या हातून भिजलं. रंगही लागला. स्मिताचा दोष नाही."

मी भाषांतर केलं. हेर ब्रुनरांनी हात पुसले, चष्मा लावला, लिफाफा पाहिला. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मला दिसला. शेवटी ते "आल्झो", म्हणजे 'बरं तर', एवढंच म्हणाले आणि घोड्यापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. राजमा खाली लागायला लागला. आईंनी जाऊन तो ढवळायला घेतला.

"रडतायत का गं?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, बहुतेक. "रडू देत," त्या म्हणाल्या. थोडा वेळ डाव फिरवला, आणि मग त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "शर्ट खांद्यात किती ओढतोय बघ त्यांचा."

हेर ब्रुनर परत आले तेव्हा डोळे लाल होते. "तिकिटं निघाली नाहीत?" त्यांनी मला विचारलं.

"एकही नाही."

"बूटसुद्धा?"

"बूटसुद्धा नाही."

मग त्यांच्या मिशा हलल्या. पाण्यात पडूनही ज्याचे कपडे निघत नाहीत तो खरा काउबॉय, असं काहीतरी ते पुटपुटले आणि आम्हाला बसायला ओंडके दिले. राजमा वाढला. आईंनी पर्समधून लसणीची चटणी काढली, आणि त्यानंतर वातावरण एकदम सुधारलं.

पुढचा तासभर मी नुसती दुभाषी होते. हेर ब्रुनर एकेक कपडा दाखवत होते आणि आई प्रत्येकाची शिवण उलटून बघत होत्या. खांद्यावर कापडाचा दुहेरी टोकदार तुकडा का, तर ऊन-पाऊस आणि घर्षण सोसायला. आईंनी मान डोलावली, याला आपण 'शोल्डर' लावणं म्हणतो म्हणाल्या. मग हेर ब्रुनर शर्टाच्या बटणांवर आले. बैलाच्या शिंगात किंवा खोगिरात शर्ट अडकला तर माणूस फरफटत जाऊ नये, शर्टानेच सुटून यावं, म्हणून ही बटणं अशी, असं सांगून त्यांनी दोन्ही हातांनी शर्टाच्या पट्ट्या धरल्या आणि खाडकन ओढल्या. सगळी बटणं एका दमात सुटली. आईंनी डोळ्यांवर पदर घेतला. मग पदर हळूच बाजूला करून वाकून बघितलं.

"अगं, ही तर टिचबटणं," त्या म्हणाल्या. "झबल्याला लावतो ती."

मी ते इमानेइतबारे जर्मनमध्ये सांगितलं, की भारतात ही बटणं तान्ह्या मुलांना लावतात. आसपासचे चारपाच काउबॉय आपापल्या छातीकडे बघू लागले. हेर ब्रुनर मात्र गंभीर झाले. तान्ह्याला का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाल्या, "बाळ रडत असतं, आईला घाई असते. एका झटक्यात उघडलं पाहिजे."

"गेनाऊ," हेर ब्रुनर म्हणाले, "अगदी तेच कारण." आणि त्यांनी हे वाक्य प्रदर्शनाच्या पानावर घालायचं ठरवून टाकलं.

निघताना आईंनी पर्समधून टेप काढला. टेपशिवाय त्या कुठेही जात नाहीत. हेर ब्रुनरांना उभं केलं आणि खांदा, छाती, बाही मोजली. ते गुदगुल्या झाल्यासारखे हसत होते. मला वाटलं, ही माफी मागण्याची त्यांची पद्धत असेल आणि गोष्ट तिथेच संपेल. तिकिटावरच्या शर्टाचा मोबाइलवर मोठा करून फोटो घेतला आणि आई ठरल्या दिवशी साताऱ्याला परतल्या.

हेर ब्रुनर मात्र मनातून खचले होते. गुलाबी लिफाफा लपवायचा नाही हे त्यांनी ठरवलं, कारण आमच्या धंद्यात दोष झाकणं हे एकमेव पाप आहे. पण दुसरा काही उपायही नव्हता. "आधी म्हणत होते टपाल नाही," ते म्हणाले, "आता म्हणतील विदूषक आहे." मी दुकानाच्या मागच्या खोलीत बुटांच्या डब्याकडे बघायचं टाळू लागले.

थंडी सुरू झाल्यावर एक दिवस त्यांचा फोन. आवाज चढलेला. "फ्राऊ यगताप, मी त्सोलआम्टमध्ये आहे. कस्टम्समध्ये. लगेच या. इथे एक पार्सल आहे, आणि पार्सलाने कपडे घातलेत."

मी गेले. टेबलावर आईंचं पार्सल होतं. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं. चारी बाजूंनी धावदोरा, कोपऱ्यांवर दुहेरी टाके, शिवणीवर लाखेचे लाल ठिपके, मार्करने मोठ्या अक्षरांत पत्ता, आणि कोपऱ्यात भारतीय तिकिटं दाटीवाटीने. आता खोकं आणि चिकटपट्टी चालते, पण आईंच्या मते चिकटपट्टी म्हणजे आळस. परगावी जाणारं पार्सल शिवूनच जायचं. जर्मनीत कोणी असलं काही पाहिलेलं नव्हतं. अधिकाऱ्याच्या हातात पातं होतं, आत काय आहे ते त्याला बघायचं होतं, आणि हेर ब्रुनरांनी पार्सलावर आपली टोपी ठेवली होती.

"हेर ब्रुनर, टोपी उचला," अधिकारी म्हणत होता, बहुधा बऱ्याच वेळापासून.

"कापायचं नाही," हेर ब्रुनर म्हणत होते. "हे टपाल आहे."

मी पर्समधून चिमटा काढला. तिकिटांचा. एका बाजूची शिवण टाक्याटाक्याने उसवायला घेतली. लाखेचा ठिपका हलक्या हाताने सोडवला, तो अख्खा निघाला. अधिकारी आधी घड्याळ बघत होता. मग वाकून बघायला लागला. मग त्याने पातं खाली ठेवलं आणि दोऱ्याचं टोक धरून उभा राहिला, मला सोपं पडावं म्हणून.

आत शर्ट होता. पांढरा, खांद्यांवर गुलाबी टोकदार तुकडे, बरोबर त्या लिफाफ्याच्या गुलाबी रंगाचे. खिशांना टोकं, पुढे मोत्यासारखी टिचबटणं. तिकिटावर शर्टाची पाठ दिसत नव्हती, म्हणून पाठीवर आईंनी आपल्या मनाने मोर काढला होता, साखळीटाक्याचा. हेर ब्रुनरांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, काउबॉयच्या जुन्या शर्टांवर हाच टाका असतो. त्यांनी तिथेच अंगातला जुना शर्ट खाडकन उघडला आणि नवा चढवला. कस्टम्सच्या अधिकाऱ्याने त्याला काही हरकत घेतली नाही.

कोलोनला मी सुट्टी काढून गेले. फ्राऊ लिंडनरांनी दुकान बंद ठेवलं आणि त्याही आल्या, जे आधी कधी घडलं नव्हतं. शेवटच्या चौकटीत गुलाबी लिफाफा होता, खाली मजकूर, की हा वायोमिंगहून आला, रेगेन्सबर्गच्या एका स्वयंपाकघरात लाल लिफाफ्यासोबत भिजला, तिकिटं निघाली नाहीत. त्याशेजारी घडी घालून मांजरपाट, शिवण, लाख, पत्ता आणि तिकिटांसकट. चौकटीसमोर हेर ब्रुनर मोराचा शर्ट घालून ताठ उभे. आणि दोनदा पाडणारे तेच परीक्षक, उंच, किडकिडीत, एकेक पान वाचत पुढे सरकत होते. माझे तळहात भिजले. चिमटा धरायच्या लायकीचे राहिले नाहीत.

ते लिफाफ्यापाशी थांबले. मजकूर दोनदा वाचला, तोंड आवळून. मग कापडापाशी आले.

"हे काय आहे?"

"पार्सल, भारतातून."

"हे कशासाठी पाठवलं गेलं?"

हेर ब्रुनरांनी उत्तर पाठ करून ठेवलं होतं, मला माहीत आहे, आम्ही दोन आठवडे घोकलं होतं. पोशाखाचा इतिहास, टाक्यांचं साम्य, सगळं. ते सगळं विसरले. म्हणाले, "मला खांद्यात बसेल असा शर्ट नव्हता. तिच्या ते लक्षात आलं."

परीक्षक त्यांच्या खांद्यांकडे बघत राहिले. मग "बेडार्फ," असं स्वतःशीच म्हणाले आणि काहीतरी लिहिलं.

पदक मिळालं. सोन्याचं नव्हे, त्याच्या खालचं, सोन्याचा मुलामा दिलेलं. संध्याकाळी वेस्टर्न क्लबाची अख्खी बस येऊन थडकली आणि टोप्यांनी सभागृह भरून गेलं. तिकीट मंडळाच्या अध्यक्षांच्या डोक्यावर कोणीतरी टोपी चढवली, आणि त्यांनी ती रात्री जेवणापर्यंत काढली नाही. दातांचे डॉक्टर भिंग मागून घेऊन टिचबटणांचं पान वाचत होते. हेर ब्रुनर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आता मोडायचं नाही ना?" मी नाही म्हटलं, आणि मला रडू फुटलं, अगदी वेड्यासारखं हसता हसता.

आईंना व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळे एकदम बोलत होतो. पदक, परीक्षक, बस. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊंना मागे वळायला सांग." हेर ब्रुनर वळले. "हात वर." त्यांनी हात वर केले, मोर पसरला, सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आई चष्मा पुढे ओढून बघत राहिल्या.

"डाव्या दंडात ओढतोय," त्या म्हणाल्या. "परत पाठवायला सांग. एक टीप सैल करून देते."

मी भाषांतर केलं. हेर ब्रुनरांचा चेहरा असा उजळला की पदकाच्या वेळीही उजळला नव्हता. त्यांनी तिथेच मला विचारलं की साताऱ्यासाठी कोणती जर्मन तिकिटं लावावीत आणि मांजरपाट इथे कुठे मिळेल.

तेव्हापासून तो शर्ट दर हिवाळ्यात साताऱ्याला जातो आणि वसंतात परत येतो. जाताना हेर ब्रुनर तो स्वतः शिवतात, धावदोरा त्यांना आता बरा जमतो. दर वेळी कापड आणि तिकिटं संग्रहात जातात, आणि गोष्टीची पानं वाढत चालली आहेत. शर्ट अजूनही डाव्या दंडात ओढतो. आयुष्यभर शिवणक्लास चालवलेल्या बाईला एक दंड नीट बसवता येत नाही, यावर माझा मुळीच विश्वास नाही. पण मी हे हेर ब्रुनरांना सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.